गुरूच शिष्याचे पाय धुतो तेव्हा: ख्रिश्चन लोकांची नम्रता आणि सेवा, सोप्या भाषेत

दरवर्षी मार्च-एप्रिलच्या आसपास एक फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो. पांढऱ्या झग्यातले म्हातारे पोप जमिनीवर गुडघे टेकून बसलेत, समोर खुर्चीत कुणीतरी तुरुंगातलं पोरगं, त्याचा पाय पोपच्या हातात आणि खाली पाण्याचं भांडं. कमेंट ठरलेल्या असतात. कोण म्हणतंय वा काय माणूस आहे, कोण म्हणतंय कॅमेरा बंद झाल्यावर धुतील का, आणि एखादा तरी विचारतोच की भावा हे नक्की चाललंय काय, एवढा मोठा धर्मगुरू कैद्याचे पाय कशाला धुतोय. मला हा तिसरा माणूस आवडतो, बाकीचे दोघं आधीच ठरवून बसलेले असतात.

कोल्हापुरात ख्रिश्चन मिशन आलं 1852 साली, रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी तेव्हा इथं आले. म्हणजे दीडशे वर्षांच्या वर झाली, शहरात चर्च आहेत, मिशनच्या शाळेत शिकलेली माणसं सगळ्या जातीधर्मात आहेत, तरी नाताळचा केक आणि "एका गालावर मारलं तर दुसरा पुढं कर" याच्या पलीकडं आपल्याला त्या धर्मातलं फारसं माहीत नसतंय. म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं. आता "जगात भारी"चा टी-शर्ट घालणाऱ्या गावाला नम्रता समजवायची म्हणजे रिस्कच आहे, पण बघू.

आधी त्या रात्री काय झालं ते

येशूला वधस्तंभावर मारलं त्याच्या आदल्या रात्रीची ही गोष्ट. यरुशलेममध्ये वल्हांडण सणाचे दिवस, इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण म्हणून ज्यू लोक हा सण करतात. येशू आणि त्याचे शिष्य जेवायला बसलेत. बायबलमध्ये येशूच्या आयुष्यावरची 4 पुस्तकं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यातल्या लूकच्या पुस्तकात एक भारी गोष्ट आहे, ती म्हणजे त्याच जेवणाच्या वेळी शिष्यांची आपसात वादावादी चालली होती की आपल्यात मोठा कोण. गुरू उद्या मरणार आणि हे लोक पदावरून भांडतायत.

पाय धुण्याचा प्रसंग मात्र चौघांपैकी फक्त योहानानं लिहिलाय, 13व्या अध्यायात, आणि एकेक हालचाल सांगितलीय. येशू जेवणावरून उठतो, अंगावरचा वरचा कपडा काढून ठेवतो, एक टॉवेल घेऊन कमरेला बांधतो, भांड्यात पाणी ओततो आणि एकेकाचे पाय धुवून त्याच कमरेच्या टॉवेलनं पुसायला लागतो. त्या काळी लोक एका कुशीवर रेलून जेवायचे, पाय मागच्या बाजूला, म्हणजे तो सगळ्यांच्या मागनं फिरत असणार. पायात उघड्या चपला, धुळीचे रस्ते, त्यावरनं जनावरांची ये-जा, पायांची अवस्था काय असेल सांगायला नको. हे काम घरातल्या सगळ्यात खालच्या नोकराचं, गुलामाचं. शिष्यानं गुरूचे पाय धुतले असते तर एकवेळ चाललं असतं, पण इथं तर उलटंच चाललेलं.

पेत्र नावाचा शिष्य भडकतोच. म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. येशू म्हणतो, नाही धुतले तर तुझा माझा संबंध नाही. झालं, पेत्र लगेच दुसऱ्या टोकाला, मग नुसते पायच का, हात आणि डोकं पण धुवा! असा एक माणूस प्रत्येक तालमीत असतोच. आणि यहूदा, जो थोड्या वेळात येशूला पकडून देणार आहे, तो पण तेव्हा तिथंच बसलेला होता, तो नंतर उठून गेला. येशूला ते माहीत होतं असं योहान स्पष्ट लिहितो.

सगळं झाल्यावर कपडे घालून परत जाग्यावर बसून येशू सांगतो की तुम्ही मला गुरू म्हणता, प्रभू म्हणता, बरोबरच आहे, मी आहेच. मग मी तुमचे पाय धुतले तर तुम्ही पण एकमेकांचे धुवायला पाहिजेत.

इथं "मी आहेच" हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्याकडं पण पाय धुतात की

धुतात ना. लग्नात जावयाचे पाय सासू-सासरे धुतात, गुरुपौर्णिमेला गुरूची पाद्यपूजा होते, दारात आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायची तर जुनी रीतच. आपल्याला पाय धुणं अजिबात नवीन नाही आणि त्यामुळंच तो फोटो बघून जास्त गोंधळ होतो, कारण आपल्याकडं खालचा वरच्याचे धुतो. मुलीचा बाप वाकतो, वरबाप सोफ्यावर बसून बघतो. ख्रिश्चन धर्मात या प्रसंगाचं जे महत्त्व आहे ते सगळं दिशेत आहे, ज्याच्याकडं अधिकार आहे तो वाकतो.

वारकऱ्यांचं उदाहरण या बाबतीत जास्त जवळचं. वारीत वय, पैसा, जात न बघता माणसं एकमेकांच्या पाया पडतात, समोरच्याला माउली म्हणतात. ज्याला वारी माहीत आहे त्याला हा प्रसंग समजायला जड जाऊ नये.

आणि कोल्हापूरकराला तर अजून एक गोष्ट माहीत असते. गंगाराम कांबळे हे राजवाड्यावर कामाला होते, पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली, मग शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल निघालं पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तर स्वतः महाराज गाडी थांबवून तिथं चहा मागवायचे, स्वतः प्यायचे, सोबतच्यांना पाजायचे. महाराजांनी हे बायबल वाचून केलं असं मला अजिबात म्हणायचं नाही, त्यांचा विचार त्यांचा होता. पण दिशा बघा. गंगाराम कांबळेंनी नम्र व्हावं असं कुणी सांगत नव्हतं, तो माणूस तर आयुष्यभर वाकूनच होता. ज्याच्या हातात संस्थान होतं तो खाली आला.

देव लहान झाला म्हणजे नक्की काय

आता जरा अवघड भाग. ख्रिश्चन लोक येशूला नुसता संत किंवा गुरू मानत नाहीत, देव माणूस झाला असं मानतात. त्यामुळं त्यांच्या दृष्टीनं त्या रात्री मोठ्या माणसानं नव्हे तर देवानं पाय धुतले. यावर पौल नावाच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यानं फिलिप्पै गावातल्या लोकांना तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात एक उतारा आहे, अध्याय 2. त्याचा अर्थ असा की येशू देवाच्या बरोबरीचा होता पण ती बरोबरी त्यानं धरून ठेवली नाही, स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं आणि वधस्तंभावरच्या मरणापर्यंत खाली गेला. फिलिप्पै म्हणजे रोमन वसाहत, रिटायर्ड सैनिकांचं गाव, आम्ही रोमचे नागरिक म्हणून छाती काढून चालणारे लोक. अशा गावाला हे पत्र. आणि त्या रोमन जगात नम्रता हा काही गुण समजत नव्हते, ते गुलामाचं लक्षण होतं.

"स्वतःला रिकामं केलं" यावर चर्चमध्ये शेकडो वर्षं डोकेफोड झालेली आहे. रिकामं केलं म्हणजे देवपण सोडलं का? मला हे तालमीत बघितलेल्या गोष्टीवरून समजलं. वस्ताद नवीन पोराला घेऊन मातीत उतरतो, पोरगं दहा-बारा वर्षांचं. वस्ताद त्याला पट काढू देतो, वाकतो, गुडघ्यावर येतो, पोराच्या उंचीला येतो, कधी मुद्दाम खाली पण जातो. वस्तादाची ताकद कुठं गेली? कुठंच नाही, ती तिथंच आहे. तो ती पोरावर वापरत नाही, पोरासाठी वापरतो. वस्तादानं पूर्ण जोर लावला तर पोरगं काही शिकणार नाही, मोडेल. चर्चनं अधिकृतपणे जे ठरवलं, 451 सालच्या खाल्किदोनच्या धर्मपरिषदेत, ते साधारण असंच आहे की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, खाली येताना वरचं काही गमावलेलं नाही. फक्त हे उदाहरण एका जागी तुटतं. वस्ताद संध्याकाळी अंघोळ करून घरी जातो, येशू मधूनच माघारी न फिरता मरणापर्यंत गेला असं हे लोक मानतात.

यातून एक गोष्ट निघते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या धर्मातली नम्रता म्हणजे "मी कुणी नाही, मला काय कळतंय" असं म्हणणं नव्हे. येशू म्हणाला ना, मी गुरू आहेच. आपण कोण आहोत हे ज्याला पक्कं माहीत आहे त्यालाच वाकायला काही वाटत नाही. सत्काराच्या वेळी "मी कशाला, मी कशाला" म्हणत स्टेजवर पहिल्यांदा चढणारा माणूस या व्याख्येत बसत नाही.

लग्नावरून येशूनंच एक सल्ला दिलाय लूकच्या 14व्या अध्यायात, की लग्नाला गेलास तर मानाच्या जागेवर जाऊन बसू नको, तुझ्यापेक्षा मोठा कुणी आला तर यजमान तुला उठवेल आणि लाज जाईल. आपल्या कार्यालयांत पुढच्या सोफ्यावर बसलेल्यांनी हे वाचावं. अक्षता थांबवून माईकवरून साहेबांचं आगमन झाल्याचं सांगतात, मग शाल, श्रीफळ, फेटा, आणि नवरा-नवरी हातात हार घेऊन तसेच उभे, असो.

सेवा कशाला, पुण्य मिळवायला?

आपल्याला हे सहज पटतं की सेवा केली की पुण्य पदरात पडतं. ख्रिश्चन शिकवण इथं वेगळी जाते आणि बऱ्याच ख्रिश्चनांना पण ती नीट सांगता येत नाही. त्यांच्यात एक शब्द सतत येतो, कृपा. कृपा म्हणजे देवानं लायकी न बघता फुकट दिलेलं प्रेम. पौल इफिस शहरातल्या ख्रिश्चनांना लिहितो की तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं आहे, कर्मानं नाही, म्हणजे कुणी बढाई मारायला नको. मग सेवा कशाला करायची? तर ते आधीच मिळालेलं आहे म्हणून. पैसे फेडायला किंवा कमवायला नाही. मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकानं 1520 साली लिहिलं होतं की ख्रिश्चन माणूस सगळ्यांपासून मोकळा आहे, कुणाचा ताबेदार नाही, आणि तोच सगळ्यांचा सेवक आहे, सगळ्यांचा ताबेदार आहे. दोन्ही एकदम. ज्याला काही कमवायचंच नाही तो सेवा करताना हिशोब का ठेवेल, असा त्यामागचा विचार. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या ख्रिश्चनांच्या दोन मोठ्या पंथांत कर्माला किती जागा द्यायची यावर मोठी भांडणं झाली, पण सुरुवात देवाच्या कृपेनं होते हे दोघंही मान्य करतात. आणि नुसता विश्वास आहे म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी बायबलमध्येच याकोबाचं पत्र आहे, कृतीशिवाय विश्वास मेलेला आहे असं सरळ म्हणतं.

मत्तयच्या 6व्या अध्यायात येशू सांगतो की दान करताना पुढं कर्णे वाजवू नका, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. 2019 चा महापूर आठवा. मदतीच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोचे स्टिकर लावल्यावरून केवढा गदारोळ झाला होता. पूरग्रस्ताच्या हातात तांदळाची पिशवी आणि त्यावर हसरा चेहरा. आणि त्याच पुरात छातीएवढ्या पाण्यातनं माणसं काढणारी पोरं होती ज्यांची नावं आपल्याला आजही माहीत नाहीत. येशूच्या हिशोबात स्टिकरवाल्याला त्याचं बक्षीस मिळालेलं आहे, फोटो लागला ना, संपला विषय.

"पण पोप तरी फोटो काढूनच धुतात की"

हा प्रश्न रास्त आहे. वरच्या परिच्छेदानंतर तर जास्तच.

ईस्टरच्या, म्हणजे येशू परत जिवंत झाल्याच्या सणाच्या, आधीच्या गुरुवारी, ज्याला पवित्र गुरुवार म्हणतात, चर्चमध्ये पाय धुणं हा खूप जुना विधी आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली, निवडून आल्यावर लगेचच आलेल्या पवित्र गुरुवारी, तो रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात जाऊन केला, 12 जणांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुस्लिम होते. त्यावर चर्चमधूनच टीका झाली कारण नियमात फक्त पुरुषांचे पाय धुवायचे होते, 2016 च्या सुरुवातीला त्यांनी नियमच बदलला. त्याच वर्षी निर्वासितांचे पाय धुतले, त्यात भारतातला एक हिंदू तरुण पण होता. 2019 मध्ये दक्षिण सुदानच्या एकमेकांशी लढणाऱ्या पुढाऱ्यांना व्हॅटिकनमध्ये बोलावून, वाकायला त्रास होत असताना, त्यांच्या बुटांचं चुंबन घेतलं आणि शांतता टिकवा म्हणून विनवलं. आणि 17 एप्रिल 2025 ला, आजारी असताना, रोममधल्या रेजिना चेली तुरुंगात गेले, कैद्यांना म्हणाले की यावर्षी मला पाय धुता येणार नाहीत पण तुमच्याजवळ आलोय. 4 दिवसांनी, 21 एप्रिलला ते गेले.

यात कॅमेरा होताच. माझं मत असं की विधी हा सगळ्यांसमोरच होतो, तो वैयक्तिक दान नसतो, संस्थेनं स्वतःला सगळ्यांसमोर आठवण करून द्यायची असते की आपलं पद कशासाठी आहे. पण मग उरलेले 364 दिवस काय, हे विचारायचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे. आणि तिथं चर्चचं रेकॉर्ड काही स्वच्छ नाही. अनेक देशांत धर्मगुरूंनी लहान मुलांवर अत्याचार केले आणि वरिष्ठांनी ते वर्षानुवर्षं दाबून ठेवले, हे सिद्ध झालेलं आहे. ज्यांनी पाय धुवायचे त्यांनी पद वापरून पोरांचं तोंड बंद केलं. याच्यावर पांघरूण घालून नम्रतेचा लेख लिहिण्यात अर्थ नाही. फक्त एवढं की हे चुकीचं आहे हे सांगायला बाहेरची फूटपट्टी लागत नाही, त्यांचा योहान 13च पुरेसा आहे.

"सेवेच्या आडून धर्म बदलतात"

महाराष्ट्रात हा आक्षेप नवीन नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात विधवा मुलींना शिकवत होते, पण मुलींना ख्रिश्चन करतात असा आरोप होऊन 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या लोकांनी पाठिंबा काढून घेतला. रमाबाईंनी पुढं दुष्काळात शेकडो मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणून जगवलं हे पण खरं आणि त्या उघडपणे ख्रिस्ताबद्दल सांगायच्या हे पण खरं.

आपल्या भागाचं बघा. मिशनरी डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये आले, 1894 ला मिरजेत हॉस्पिटल काढलं, जवळपास 40 वर्षं इकडं काढली. "मिरजेला न्या" हे वाक्य आपल्याकडं किती घरांत बोललं गेलंय! सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची, आणि कोल्हापुरातल्या मिशन हॉस्पिटलला त्यांच्या पत्नी मेरी यांचं नाव. तिथं उपचार घेतलेले बहुतेक लोक हिंदू होते, मुस्लिम होते आणि बरे होऊन तसेच घरी गेले. मिशनऱ्यांना आपला धर्म पसरावा असं वाटत होतं का, तर हो, ते लपवत पण नव्हते.

मग रेषा कुठं मारायची? याचं उत्तर मला लूकच्या 17व्या अध्यायात सापडतं. येशूकडं 10 कुष्ठरोगी येतात, दहाच्या दहा बरे होतात, आभार मानायला परत येतो एकच आणि तो पण परक्या जातीचा, शोमरोनी. येशू विचारतो की बाकीचे 9 कुठं आहेत? वाईट वाटल्याचं कळतं. पण त्या 9 जणांचा रोग परत येत नाही. सेवा अट घालून केली, औषध देताना धर्माचा फॉर्म पुढं केला, तर ती त्यांच्याच पुस्तकाप्रमाणे सेवा राहत नाही, व्यवहार होतो. जिथं असं झालं असेल तिथं टीका बरोबर आहे. जिथं नवाचे नऊ तसेच घरी गेले तिथं संशय घ्यायला जागा कमी.

"मग मार खाऊन गप्प बसायचं का"

नीत्शे नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं 1887 मध्ये हाच आरोप केला की ही गुलामांची नीती आहे, दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणालाच सद्गुण म्हटलंय. आपल्या भाषेत, ज्याला कुस्ती जमत नाही तो म्हणतो मला भांडण आवडत नाही.

पण येशू तसा वागलेला दिसत नाही. देवळात धंदा मांडलेल्यांची टेबलं त्यानं उलथवली. आणि अटक झाल्यावर एका शिपायानं तोंडात मारली तेव्हा तो गप्प बसला नाही, म्हणाला, मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर मारतोस का? योहान 18. हात उचलला नाही, पण जाब विचारला.

नीत्शेचा आरोप मात्र एका ठिकाणी लागू पडतो, म्हणजे जेव्हा ही शिकवण चुकीच्या माणसाला सांगितली जाते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "नम्र राहा, सेवा कर", कामगाराला "समाधानी राहा", खालच्या मानलेल्या जातीला "आपली पायरी ओळखा". हे चर्चमध्ये झालंय, देवळात झालंय, घराघरात चाललंय. मार्कच्या 10व्या अध्यायात याकोब आणि योहान हे दोन भाऊ येशूकडं उजवी-डावीकडची खुर्ची मागतात, बाकीचे चिडतात, तेव्हा येशू म्हणतो की जगातले राज्यकर्ते लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नको, ज्याला पहिलं व्हायचंय त्यानं सगळ्यांचा दास व्हावं. हे बोलणं खुर्ची मागणाऱ्यांशी आहे. ज्यांना कधी खुर्चीच मिळाली नाही त्यांना हे वाक्य ऐकवणारा माणूस बहुतेक स्वतः खुर्चीत बसलेला असतो.

पेत्राला नक्की काय टोचलं

जाता जाता हे. आपण नेहमी पाय धुणाऱ्याकडं बघतो, पण पेत्राचा नकार पण बघण्यासारखा आहे. दुसऱ्याचं करायला आपण एका पायावर तयार असतो, गल्लीत कुणाचं काही असू दे, मंडप घालण्यापासून वाढण्यापर्यंत. पण आपण आजारी पडलो, पैसे संपले, की तोंड उघडत नाही, "आपल्याला कुणाचे उपकार नकोत". ती सवय पण गर्वाचीच आहे असं ही गोष्ट सांगते. कुणालाच आपले पाय धुवू द्यायचे नाहीत म्हणजे आपण कायम देणारेच राहणार, वरचेच. हे मला पूर्ण पचलेलं नाही, पण खोटं म्हणता येत नाही.

बघायला जायचं असेल तर

ईस्टरची तारीख चंद्रावर चालते, 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. म्हणून ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यामध्ये कधीही येतो आणि त्याच्या आधीचा गुरुवार म्हणजे पवित्र गुरुवार. पाय धुण्याचा विधी कॅथलिक चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, असतो, फादर वरचा झगा काढून टॉवेल घेतात आणि बसलेल्या लोकांच्या पायावर पाणी ओतून पुसतात. प्रोटेस्टंट चर्चमध्ये सगळीकडं तो होतोच असं नाही, तिथं त्या संध्याकाळी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर-द्राक्षारस घेण्याची, उपासना जास्त करून असते. ख्रिश्चन नसलात तरी मागं बसून बघता येतं, कुणी उठवत नाही. भाकर घ्यायला रांग लागली की आपण जाग्यावर बसून राहायचं, ती त्यांच्या लोकांसाठी असते. मोबाईल काढायच्या आधी तेवढं कुणाला तरी विचारा.